गोधडी शिवायला देण्याआधी

गोधडी शिवून हवी म्हणून कुणी विचारलं की सोबत फोटो येतात. तारे, षटकोन, निळ्या-पांढऱ्या त्रिकोणांची नक्षी. मी ते नीट बघते, बाजूला ठेवते आणि विचारते: ही पांघरणार कोण, कुठे, आणि धुणार कोण? हाताने शिवलेली चांगली गोधडी वीस-तीस वर्षं सहज वापरात राहते. त्या काळात घरात तिला काय काम असणार हे एकदा कळलं की आकार, भरण, कापड, टाके यांतलं बरंचसं त्यातूनच ठरतं. नक्षीचा नंबर त्यानंतर. क्रम उलटा झाला की देखणी पण जड, धुवायची भीती वाटणारी गोधडी तयार होते आणि ती कपाटात जाते. कपाटात पडून राहिलेल्या गोधडीचं मला मनापासून वाईट वाटतं.

मी गोधड्या हाताने शिवते. हे सगळं शिवणारीच्या अनुभवातून आलेलं आहे, पण लिहिते आहे ते शिवून घेणाऱ्यांसाठी.

आधी एक पानभर लिहा

शिवणाऱ्या व्यक्तीला भेटण्याआधी एका कागदावर वापर लिहून काढा. पांघरणाऱ्याचं वय काय, त्याला थंडी जास्त वाजते की उकडतं, गोधडी रोज पलंगावर असणार की संध्याकाळी सोफ्यावर, की भिंतीवर टांगायची आहे. घरात मांजर-कुत्रं आहे का. लोकरीची ॲलर्जी आहे का. धुणं मशीनमध्ये की हाताने, आणि मशीन किती किलोचं. हा शेवटचा प्रश्न लोकांना क्षुल्लक वाटतो, पण माझ्या मते सगळ्यात जास्त फरक तोच पाडतो. ८४ बाय ९६ इंचांची गोधडी म्हणजे सुमारे ५.२ चौरस मीटर. वरचं कापड, मधलं सुती भरण आणि अस्तर मिळून चौरस मीटरला सव्वाचारशे-साडेचारशे ग्रॅम धरले तरी सव्वादोन किलो होतात. पाणी प्यायल्यावर हे वजन दुपटीच्याही पुढे जातं. ते उचलणारे हात कुणाचे, हे आधीच माहीत हवं.

बाळासाठी गोधडी हवी असेल तर एक गोष्ट मी स्पष्ट सांगते. पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळ झोपलेलं असताना त्याच्या जागेत सैल पांघरूण ठेवू नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, कारण तोंडावर येऊन श्वास कोंडण्याचा धोका असतो. म्हणून अशा गोधडीचा विचार मी जमिनीवर अंथरून, मोठं माणूस समोर असताना खेळायची गोधडी म्हणून करते. चाळीस इंचांचा चौरस पुरतो. बटणं, मणी, सुटे गोंडे काही नको.

वयस्क माणसासाठी उलट विचार करावा लागतो. तिथे ऊब हवी पण भार नको, कारण झोपेत जड पांघरूण बाजूला सारणं त्यांना जमेलच असं नाही. खुर्चीत बसून मांडीवर घ्यायची असेल तर ५० बाय ६० इंच पुरे. चाकाच्या खुर्चीत वापरायची असेल तर रुंदी आणखी कमी करा, नाहीतर कडा चाकात जातात.

माप गादीचं घ्या, पलंगाचं नको

गादीची लांबी, रुंदी आणि जाडी मोजा. चादर घातलेली, रोजच्यासारखी. मग प्रत्येक बाजूला गोधडी किती खाली उतरायला हवी ते ठरवा. समजा गादी ६० बाय ७८ इंच आहे आणि दोन्ही बाजूंना १२ इंच उतार हवा आहे. रुंदी झाली ८४ इंच. लांबीत पायाकडचे १२ इंच मिळवले तर ९० होतात. उशांखाली खोचायची असेल तर त्यासाठी वेगळे आठ-दहा इंच धरा. दोघांनी मिळून पांघरायची असेल तर उताराच्या बाबतीत कंजूषी करू नका. रात्री ओढाताण होते ती या इंचांसाठीच.

शंका असेल तर जुनी चादर त्या मापाला दुमडून गादीवर टाका आणि दोन रात्री तीच पांघरून झोपा. कागदावरचं माप आणि अंगावरचं माप यांत फरक असतो.

सुती कापड आणि सुती भरण पहिल्या धुण्यात आटतं. टाक्यांनीही कापड थोडं आत ओढलं जातं. दोन्ही मिळून चार-पाच टक्के कमी होणं नेहमीचंच, म्हणजे ८४ इंचांवर साडेतीन-चार इंच. त्यामुळे ‘मला धुतल्यानंतर एवढी हवी’ असंच सांगा, आणि एक-दोन इंचांचा फरक दोघांनी मान्य केलेला असू द्या. हातकामात तेवढी मोकळीक लागतेच.

मधला थर

गोधडी दिसते वरून, पण ऊब देते मधून. जुन्या पद्धतीत मध्ये वेगळं भरण नसतंच. मऊ झालेल्या सुती कापडांचे थर एकावर एक घालून टाके मारले जातात. अशी गोधडी पातळ, हवेशीर, आणि धुण्याला सगळ्यात सोशिक. मला स्वतःला हीच आवडते आणि ऊबदार हवेत मी दुसरं काही सुचवत नाही.

जास्त ऊब हवी असेल तर भरण येतं. तयार सुती भरणाची लादी एकसंध असते, घाम शोषते, पण थोडी जड. नुसता पिंजलेला कापूस स्वस्त आणि ऊबदार, पण टाक्यांच्या ओळी एकमेकींपासून दोन-अडीच इंचांपेक्षा लांब गेल्या की धुण्यात सरकून त्याचे गोळे होतात. कारखान्यात सुयांनी गुंतवलेल्या काही लाद्यांना आठ-दहा इंच अंतरही चालतं. हे वेष्टनावर लिहिलेलं असतं, ते वाचायला मागा. लोकर वजनाने हलकी आणि ऊब भरपूर, घड्याही पडत नाहीत, पण कसर लागू नये म्हणून सांभाळावी लागते आणि धुणं जपून. पॉलिएस्टर हलकं, लवकर वाळणारं, स्वस्त. घाम मात्र त्यात मुरत नाही, आणि हलक्या प्रतीचं असेल तर त्याचे तंतू काही दिवसांनी वरच्या कापडातून बाहेर डोकावू लागतात. गडद रंगाच्या गोधडीवर ते पांढऱ्या कुसळांसारखे दिसतात.

फूटभर लांबीरुंदीचा नमुना शिवून मागा. त्याचे पैसे द्या, फुकट मागू नका. तो नमुना घरी न्या, दोनदा धुवा, चोळा, उन्हात धरून बघा. हजार शब्दांच्या बोलण्यातून कळत नाही ते एवढ्या तुकड्यातून कळतं.

कापड, आणि विशेषतः जुनं कापड

नवं कापड घ्यायचं तर शुद्ध सुती, मध्यम विणीचं. उजेडाकडे धरल्यावर बोटं स्पष्ट दिसली तर ते फार विरळ. फार घट्ट विणीचं कापडही हाताने शिवताना सुईला अडवतं. सगळं कापड शिवण्याआधी धुतलेलं हवं. लाल, गडद निळा, काळा यांच्यावर विश्वास ठेवायचा नाही. कापडाचा कोपरा कपभर गरम पाण्यात अर्धा तास बुडवा आणि पाण्याचा रंग बघा, मग ओला कोपरा पांढऱ्या फडक्यावर दाबून ठेवा. रंग उतरला तर ते कापड पुन्हा धुवा, तरीही उतरत असेल तर या गोधडीत त्याला जागा नाही. शेजारच्या पांढऱ्या तुकड्याचं नुकसान नंतर भरून काढता येत नाही.

आता जुने कपडे. गेलेल्या माणसाचे सदरे, आईच्या साड्या, मुलांचे लहानपणचे कपडे. माझ्याकडे येणाऱ्या कामांत मला सर्वांत जवळचं काम हे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या मिसूरी पेटवे यांनी १९४२ मध्ये आपल्या दिवंगत नवऱ्याच्या शेतातल्या कपड्यांची गोधडी शिवली. त्याच वस्तीतल्या स्त्रियांच्या गोधड्या २००२ पासून अमेरिकेतल्या मोठ्या कलासंग्रहालयांमध्ये मांडल्या गेल्या. कामाच्या कपड्यांच्या त्या गोधड्यांत विटलेली जागा लपवलेली नाही. खिसा उसवल्यावर खाली राहिलेला गडद चौकोनसुद्धा नक्षीचा भाग झाला आहे. म्हणून कपडे देताना डाग, झीज, खिसे, कॉलर यांतलं काय ठेवायचं आणि काय टाळायचं हे तुम्ही सांगायला हवं. शिवणाऱ्याला ते कळण्याचा मार्ग नाही. बाहीवरचा शाईचा डाग मी काढून टाकावा की मधोमध लावावा? हे उत्तर फक्त तुमच्याकडे असतं.

कपडे देण्याआधी प्रत्येकाचा फोटो काढा, क्रमांक द्या, यादीची एक प्रत स्वतःकडे ठेवा. घरातल्या सगळ्यांना विचारा. भावाला तो सदरा अख्खा हवा असेल तर ते कात्री चालण्याआधी कळू द्या. कपडे धुवून द्यायचे की त्यांचा वास तसाच राहू द्यायचा, हाही प्रश्न मनाशी सोडवा. गोधडी कधीतरी धुतली जाणारच, तेव्हा वास जपायचा असेल तर एक कपडा न कापता वेगळा ठेवून द्या, असं मी सांगते.

कापड किती टिकेल हे दोन्ही हातांत धरून उभं-आडवं ओढून बघितलं की कळतं. करकरलं, विरलं, तर एकट्याने ते भार घेणार नाही. त्याच्यामागे पातळ सुती कापड लावून घेता येतं. जुनं रेशीम घड्यांवर चिरतं, त्याचे तुकडे जिथे हात कमी लागतो अशा जागी घाला. टी-शर्टचं विणलेलं कापड ताणतं, म्हणून त्याच्यामागे इस्त्रीने चिकटणारं फ्युजिंग लावावं लागतं, आणि त्यामुळे हाताची सुई जड चालते. टी-शर्टचीच गोधडी हवी असेल तर दाट टाक्यांचा आग्रह धरू नका.

तुकडे किती लहान?

फोटो आता बाहेर काढा. नक्षी निवडताना एकच गणित लक्षात ठेवा. प्रत्येक तुकड्याला चारही बाजूंना पाव इंच माया, म्हणजे शिवणीत आत जाणारं जादा कापड, लागते. शिवून झाल्यावर २ इंचांचा दिसणारा चौकोन कापताना अडीच इंचांचा असतो, म्हणजे ४ चौरस इंच दिसण्यासाठी सव्वासहा चौरस इंच कापड जातं. ६ इंचांच्या चौकोनाला साडेसहा इंच कापायचं, तिथे जादा कापड सतरा-अठरा टक्केच. आणि कामाचं बघा: ६० बाय ७८ इंचांच्या भागात ६ इंचांचे १३० चौकोन बसतात, २ इंचांचे ११७०. लहान तुकड्यांची गोधडी सुंदर असते यात शंका नाही. पण तुमच्या पैशांचा आणि महिन्यांचा मोठा भाग त्या मायेत आणि शिवणीत जातो हे माहीत असू द्या. शिवाय जितक्या शिवणी जास्त, तितकी हाताने टाके घालताना सुई अडते.

दुसऱ्या कुणा कलाकाराच्या गोधडीचा फोटो आणून ‘हुबेहूब अशीच’ म्हणू नका. त्यात काय आवडलं ते सांगा. रंगांची सांगड, मधली रिकामी जागा, कडेची रुंद पट्टी, जे असेल ते. त्यावरून तुमची वेगळी गोधडी होते आणि दुसऱ्याची मेहनतही चोरली जात नाही.

रंगांबद्दल फार बोलणार नाही, तुमची आवड तुमची. एवढं करा: निवडलेली कापडं शेजारी शेजारी ठेवून फोटो काढा आणि तो कृष्णधवल करून बघा. सगळे तुकडे एकाच करड्या छटेचे दिसले तर नक्षी दुरून विरून जाणार. काही गडद, काही फिकट हवेतच. आणि रंग दिवसाच्या उजेडात ठरवा.

‘हाताने’ म्हणजे नक्की काय

हे आधी विचारा, कारण याचे तीन अर्थ बाजारात चालतात. तुकडे जोडणं आणि तिन्ही थरांतून टाके घालणं, दोन्ही हाताने. किंवा जोड मशीनवर आणि टाके हाताने. किंवा सगळं मशीनवर, फक्त मशीन माणसाने चालवलेलं. तिन्ही प्रामाणिक कामं आहेत, त्यांची किंमत आणि वेळ मात्र एक नाही. रोज वापरायच्या गोधडीला मी मशीनवर जोड आणि हाताने टाके सुचवते. जोड मजबूत राहतात आणि हाताच्या टाक्यांचा मऊपणा अंगाला लागतो.

हाताच्या टाक्यांना वेळ का लागतो ते बघा. ९० इंचांच्या चौरस गोधडीवर इंचाइंचावर एकाच दिशेने ओळी घातल्या तर ९० ओळी, प्रत्येकी ९० इंच, म्हणजे ८१०० इंच. दोनशे मीटरच्या वर धावदोरा. इंचाला सहा टाके धरले तर ४८,६०० टाके. एका इंचाला अर्धा मिनिट लागलं तर साडेसदुसष्ट तास फक्त सुई चालते. त्यात दोरा ओवणं, गाठ आत ओढून घेणं, कापड ताणून धरणारी चौकट सरकवणं, बोटांना विश्रांती हे काहीच धरलेलं नाही. ओळींमधलं अंतर अर्धा इंच केलं की सगळं दुप्पट. म्हणून ‘महिनाभरात होईल ना?’ असं विचारण्याआधी ओळींचं अंतर विचारा.

टाके उठून दिसायला हवे असतील तर कापड साधं, एकरंगी घ्या. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये चौदाव्या शतकात सिसिलीत शिवलेली ‘ट्रिस्टन क्विल्ट’ ही गोधडी आहे, ट्रिस्टन या जुन्या कथानायकाची गोष्ट सांगणारी. लिननच्या दोन थरांत कापूस, आणि तपकिरी-पांढऱ्या दोऱ्याने काढलेली जहाजं, घोडेस्वार, लढाया. रंगीत तुकडा एकही नाही, सगळी गोष्ट टाक्यांनी सांगितली आहे. फुलाफुलांच्या छापील कापडावर तसले टाके बुडून जातात, मेहनत दिसत नाही.

शिवणाऱ्याचं जुनं काम बघायला मिळालं तर आधी उलटी बाजू बघा. टाके मागेही सारख्या लांबीचे आहेत का, गाठी बाहेर लोंबतात का, अस्तराला चुण्या आहेत का. काठाच्या पट्टीचे चारही कोपरे चाचपा. वापरात पहिल्यांदा झिजतो तो काठ. पट्टी दुहेरी घडीची मागा.

पैसे आणि कागद

ओळखीतलं काम असलं तरी लिहून घ्या, आणि ओळखीतलं असलं तर नक्कीच लिहून घ्या. धुतल्यानंतरचं माप, कापड कुणी आणायचं, भरण कोणतं, ओळींचं अंतर, जोड कशाने आणि टाके कशाने, पैसे कोणत्या टप्प्यांवर, तयार कधी होणार, उरलेलं कापड कुणाचं, आणि काम मध्येच थांबलं तर काय. सामानाचा पूर्ण खर्च आणि मजुरीचा काही भाग आधी देणं योग्य आहे. उरलेली मजुरी वरचा थर जोडून झाल्यावर आणि शेवटी, अशी वाटून द्या. किंमत जास्त वाटली तर घासाघीस करण्यापेक्षा मोठे तुकडे घ्या, टाक्यांच्या ओळींमधलं अंतर वाढवा किंवा आकार कमी करा. त्याने काम खरंच कमी होतं. मजुरी कापली तर काम तेवढंच राहतं, फक्त त्याची झळ शिवणाऱ्याच्या डोळ्यांना आणि मनगटाला बसते.

लग्न-वाढदिवसासाठी हवी असेल तर त्या तारखेच्या तीन-चार आठवडे आधीची तारीख ठरवा.

मध्ये कधी बघायचं

रोज फोटो मागू नका. तीन वेळा बघणं पुरतं. कापडं निवडून झाल्यावर. तुकडे न जोडता जमिनीवर मांडल्यावर, आणि ही भेट शक्यतो प्रत्यक्ष. मग वरचा थर जोडून झाल्यावर, तिन्ही थर कच्च्या टाक्यांनी टाचण्याआधी. मांडलेल्या तुकड्यांपासून आठ-दहा पावलं मागे जा, डोळे बारीक करून बघा. दोन सारखे तुकडे शेजारी आले आहेत का, कुठे एकाच बाजूला गडद रंग साचला आहे का. जे खटकतं ते तेव्हाच बोला, संकोच करू नका. जमिनीवरचा तुकडा उचलून दुसरीकडे ठेवायला क्षण लागतो. थर टाचून झाल्यावर मात्र बदल मागायचा नाही.

गोधडीच्या मागच्या कोपऱ्यात कापडाची चिठ्ठी शिवून घ्या: कुणासाठी, कुणी शिवली, साल, भरण कोणतं, धुवायची कशी. शिवणाऱ्याचं नाव त्यावर असायलाच हवं. नातवंडांना ते कधीतरी हवं असेल.

घरी आल्यावर

पहिलं धुणं थंड पाण्यात, सौम्य साबणाने, एकटीचं. पिळू नका. ओली गोधडी दोरीवर एका कडेने टांगली की पाण्याच्या भाराने टाके ताणतात, म्हणून आडवी पसरा किंवा दोन-तीन दोऱ्यांवर भार वाटून टाका, सावलीत. ठेवायची वेळ आली तर प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, जुन्या सुती चादरीत गुंडाळा. दर दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या जागी घाला, नाहीतर त्याच रेषेवर कापड विरतं. सगळ्यात उत्तम म्हणजे ती पलंगावर पसरलेली असणं.

शिवणाऱ्याकडून उरलेले तुकडे, काठाच्या पट्टीचं हातभर कापड आणि त्याच रंगाच्या दोऱ्याचं रीळ मागून घ्या आणि चिठ्ठी लावून गोधडीसोबतच ठेवा. कापडं गोधडीबरोबर धुतलीत तर रंगही तिच्याइतकेच विटत जातात. काठ झिजला, एखादा तुकडा फाटला की ते घेऊन त्याच शिवणाऱ्या व्यक्तीकडे जा. दुरुस्तीसाठी परत आलेली गोधडी आम्हाला नव्या कामाइतकीच आवडते, कारण ती वापरली गेली हे तिच्या कापडावरून दिसतं.